नंबर लागला नाही, मग?

निकालाचे दिवस संपले की याद्यांचे दिवस सुरू होतात. बारावीचा निकाल एका दुपारी लागतो आणि चार दिवसांत जुना होतो. प्रवेशाच्या याद्या मात्र महिनोन्‌महिने चालतात. पहिली फेरी, दुसरी फेरी, तिसरी फेरी. दर वेळी मोबाईलवर ती लांबलचक पीडीएफ उघडायची, आपला क्रमांक शोधायचा आणि सापडला नाही की अब्बांकडे न बघता मोबाईल पालथा ठेवायचा. तेवढ्यात फोन वाजतोच. कधी खालाचा, कधी चाचांचा, कधी शेजारच्या भाभीचा. सगळ्यांचा प्रश्न एकच : "नंबर लागला का?"

त्या दिवशी घरात एक नकार आलेला असतो. तो यादीतून आलेला असतो आणि त्यावर आपल्याकडे इलाज नसतो. पण शाळेत शिकवताना इतक्या वर्षांत मी पाहिले आहे की पुष्कळ मुलांना पुढच्या आठवड्याभरात दुसरा नकार मिळतो, आणि तो घरातून मिळतो. कोणी म्हणते, "तुझ्याकडून होणार नव्हतंच." कोणी म्हणते, "एवढा पैसा घातला, काय उपयोग झाला?" मुलीला तर काही म्हणतही नाहीत, फक्त तिच्यासमोर स्थळांची चर्चा सुरू होते. यादीच्या नकारातून बहुतेक मुले दोन-तीन महिन्यांत सावरतात. घरच्या नकारातून सावरायला फार वेळ लागतो, आणि काही मुले त्यातून कधीच पूर्ण बाहेर येत नाहीत. या महिन्याचा लेख या दुसऱ्या नकाराविषयी आहे, कारण तो द्यायचा की नाही हे आपल्या हातात आहे.

आधी हिशेब समजून घ्या

आपल्या घरांत डॉक्टरकीचे स्वप्न मोठे आहे, म्हणून नीटचेच उदाहरण घेते. २०२५ साली देशभरात २२ लाखांहून अधिक मुलांनी ही परीक्षा दिली. त्यातली १२ लाखांहून अधिक पात्र ठरली. एमबीबीएसच्या जागा मात्र, सरकारी आणि खासगी सगळ्या धरून, सव्वा लाखाच्या आसपास आहेत. म्हणजे ५४ मुलांचा एक भरलेला वर्ग डोळ्यांसमोर आणा. सगळ्यांनी परीक्षा दिली, निम्म्याहून अधिक पात्र झाले, आणि वर्गाच्या वाट्याला जागा आल्या तीन. त्यातही सरकारी महाविद्यालयांतल्या, म्हणजे सर्वसाधारण घराला परवडतील अशा जागा, साधारण निम्म्याच.

इथे एक गैरसमज फार त्रास देतो. निकालपत्रावर 'पात्र' असा शेरा आला की घरात मिठाई वाटली जाते. अम्मी मोहल्ल्यात सांगून येतात, "पास झाला, आता डॉक्टर होणार." पण नीटमध्ये पात्र होणे म्हणजे प्रवेशासाठी अर्ज करण्याचा हक्क मिळणे, एवढेच. खुल्या वर्गासाठी ५० वा पर्सेंटाईल आणि ओबीसी, एससी, एसटीसाठी ४० वा, अशी ती पात्रतेची रेषा आहे. जागा त्या रेषेच्या खूप वर संपून जातात. मिठाई आधी वाटली गेली की दोन महिन्यांनी मुलाला ती परत घेतल्यासारखी वाटते. त्याने काहीही वाईट केलेले नसते, तरी तो मोहल्ल्यातून मान खाली घालून चालतो.

दुसरा गैरसमज गुणांचा. "चाचाच्या मुलाला मागच्या वर्षी एवढे गुण होते, तुला एवढेच कसे?" ही तुलनाच चुकीची आहे. ७२० गुणांच्या या परीक्षेत २०२४ साली सुधारित निकालानंतरही १७ मुलांना पैकीच्या पैकी गुण होते. २०२५ मध्ये पेपर कठीण निघाला आणि देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ गुण मिळाले. दोन वर्षांचे गुण शेजारी ठेवून काहीच कळत नाही. बघायचेच असेल तर गुणानुक्रम बघा, म्हणजे देशात आणि राज्यात कितवा क्रमांक आला ते.

हा हिशेब मी मुलांचे लाड करण्यासाठी सांगत नाही. अभ्यास कमी पडला असेल तर तेही बोलले पाहिजे, पण ते आकडा समजून घेतल्यावर. जिथे अठरा मुलांमागे एक जागा आहे, तिथे सतरा घरांत त्या दिवशी हेच दुःख असते. त्या सतरांपैकी पुष्कळ मुले हुशार असतात आणि मेहनतीही असतात.

पहिले आठ दिवस

यादी लागल्यावरच्या आठ दिवसांत मुलाला सल्ला नको असतो. त्याला जेवण, झोप आणि थोडी शांतता हवी असते. तो खोलीत बसून राहिला तर बसू द्या, पण जेवायला दस्तरखानावर सगळ्यांबरोबर बोलवा. तिथे त्या दिवशी प्रवेशाचा विषय काढू नका. दादी किंवा नानी घरात असतील तर हे काम त्या आपल्यापेक्षा चांगले करतात. त्यांना पर्सेंटाईल कळत नाही, नातू जेवला की नाही तेवढे कळते, आणि त्या दिवसांत तेवढेच पुरेसे असते.

फोनवर उत्तर देण्याचे काम आई-वडिलांनी स्वतःकडे घ्यावे. मुलाच्या हातात फोन देऊन "खालाला तूच सांग" म्हणू नये. उत्तर छोटे आणि खरे ठेवावे : "या फेरीत नंबर लागला नाही. पुढचं बघतोय, दुआ करा." एवढ्यावर बहुतेक लोक थांबतात. जे थांबत नाहीत त्यांना चहाला बोलवायची घाई करू नये.

"नसीबात नव्हतं" हे वाक्य आपल्याकडे लगेच तोंडी येते. ते म्हणण्याचे दोन प्रकार असतात. एक, मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हटलेले : जे झाले त्यात तुझा कमीपणा नाही, आता पुढचे बघू. दुसरा, हात झटकून म्हटलेला : विषय संपला. शब्द तेच असतात, पण मुलाला फरक बरोबर कळतो. पहिल्या अर्थाने म्हणणार असाल तरच म्हणा, आणि त्याला जोडून पुढचे पाऊल काय ते विचारा.

भावंडांकडेही लक्ष द्या. धाकटा भाऊ किंवा बहीण हे सगळे बघत असते. मोठ्याला आज काय ऐकावे लागले, ते धाकटे मनात लिहून ठेवते आणि दहावीच्या वर्षीच घाबरायला लागते.

आता एक गोष्ट स्पष्टपणे लिहिते. २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आपले आयुष्य संपवले, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी सांगते, आणि राज्यांमध्ये सर्वाधिक नोंदी आपल्या महाराष्ट्रातल्या होत्या. प्रत्येकामागे परीक्षाच होती असे नाही. तरीही मुलगा किंवा मुलगी रात्र रात्र झोपत नसेल, जेवण सोडले असेल, आपल्या वस्तू वाटून टाकत असेल, "मी नसतो तर बरं झालं असतं" असे बोलत असेल, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटे सोडू नका, रागावू नका, सरळ विचारा : "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?" असे विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे, उलट बोलायला वाट मिळते. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीतही बोलता येते. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात डॉक्टरांना दाखवण्यात कसलीही शरम नाही. ताप आला तर आपण लोकांना विचारत बसत नाही, डॉक्टरकडे जातो. हेही तसेच आहे.

फेऱ्या खरेच संपल्या का?

दुःखाच्या भरात पुष्कळ घरे अर्ध्यातच प्रक्रिया सोडून देतात. पहिल्या यादीत नाव नाही म्हणजे प्रवेश नाही, असे नसते. वैद्यकीयच्या सरकारी जागांपैकी १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून भरतात आणि ८५ टक्के राज्याच्या प्रक्रियेतून. दोन्हीकडे अनेक फेऱ्या होतात आणि शेवटी उरलेल्या जागांची वेगळी फेरी असते. वर निवड झालेली मुले दुसरीकडे गेली की खालचे क्रमांक वर सरकतात. म्हणून सीईटी सेलच्या संकेतस्थळावरचे वेळापत्रक वहीत उतरवून घ्या, आणि पसंतीक्रम भरताना मुलाला शेजारी बसवा. ऐकीव माहितीवर किंवा कॅफेवाल्याच्या घाईवर तो भरू नका. इंजिनिअरिंगच्या प्रक्रियेत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती पक्की धरली जाते, मग पुढच्या फेरीत दुसरे काही मागता येत नाही. त्यामुळे पहिल्या क्रमांकावर काय लिहिता ते विचार करून लिहा.

आपल्या समाजातल्या कितीतरी मुलांच्या जागा गुणांमुळे नव्हे, कागदांमुळे जातात. मोमीन, बागवान, तांबोळी, पिंजारी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या महाराष्ट्रात ओबीसीत येतात. पण त्या जागेसाठी जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर आणि जात पडताळणी प्रमाणपत्र हे तिन्ही वेळेत लागतात. पडताळणीत आजोबा-पणजोबांच्या शाळेतला जुना दाखला मागतात आणि त्यावर जातीच्या रकान्यात पुष्कळदा नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते. मग दुसरे जुने पुरावे शोधावे लागतात, महिने जातात. हे काम यादी लागल्यावर सुरू करून चालत नाही. मूल अकरावी विज्ञानला गेले की लगेच सुरू करा. खुल्या वर्गातल्या घरांनी आर्थिक दुर्बल घटकाचा, म्हणजे ईडब्ल्यूएसचा दाखला बसतो का ते तहसीलमध्ये विचारा. अधिवासाचा दाखला सगळ्यांनीच काढून ठेवा. मुस्लिम अल्पसंख्याक संस्थांमध्ये, उदाहरणार्थ मुंबईत भायखळ्याच्या साबू सिद्दीक इंजिनिअरिंग कॉलेजात, अल्पसंख्याक कोट्याच्या वेगळ्या जागा असतात. अर्जात तो रकाना भरायचा राहून गेला तर ती संधी हातची जाते.

याच दिवसांत "जागा करून देतो" म्हणणारे लोक घरी यायला लागतात. एमबीबीएसची कुठलीही जागा नीट आणि अधिकृत प्रवेश प्रक्रिया यांच्या बाहेर मिळत नाही. अशा माणसाच्या हातात रोख रक्कम देऊ नका. परदेशात एमबीबीएसला पाठवणार असाल तर दोन गोष्टी आधी समजून घ्या. त्यासाठीही नीटमध्ये पात्र असावे लागते. आणि परत आल्यावर इथे डॉक्टरकी करण्यासाठी ३०० गुणांची परीक्षा द्यावी लागते, तीत १५० गुण लागतात. तिथे अडलेली मुले पुष्कळ आहेत. घर विकून विमानाचे तिकीट काढण्याआधी त्या महाविद्यालयातून परत येऊन ही परीक्षा पास झालेल्या दोघा-तिघांशी स्वतः बोला.

आणखी एक वर्ष : कधी द्यावे, कधी देऊ नये

"रिपीट करायचं का?" हा प्रश्न घरात येतोच. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते, त्यामुळे तिथे निर्णय आपोआप होतो. नीटला असे बंधन नाही, वयाची वरची मर्यादाही नाही. ऐकायला हे चांगले वाटते, पण याच सवलतीत कितीतरी मुलांची चार-चार वर्षे गेली आहेत. म्हणून ठरवण्याआधी घरात बसून या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहा.

पहिला प्रश्न : अंतर किती आहे? आपल्या वर्गातून, आपल्या राज्यात शेवटची जागा कितव्या क्रमांकाला मिळाली आणि आपला क्रमांक कितवा आहे? अंतर थोडे असेल तर एक वर्ष देण्यात अर्थ आहे. फार मोठे असेल तर नुसत्या जिद्दीने ते भरून निघत नाही.

दुसरा : गुण कुठे गेले? एकाच विषयात, समजा भौतिकशास्त्रात, घसरगुंडी झाली असेल तर उपाय आहे. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीला एक कापला जातो. अंदाजाने गोळ्या मारल्यामुळे गुण गेले असतील तर तेही सुधारता येते. तिन्ही विषय सारखेच कच्चे असतील तर प्रामाणिकपणे मान्य करावे.

तिसरा : कोणाला हवे आहे? मुलाला एकट्याला बसवून विचारा. आणि "अब्बांना वाटतंय म्हणून" असे उत्तर आले तर ते उत्तर 'नाही' असे धरा. दुसऱ्याच्या इच्छेवर लातूरच्या किंवा नांदेडच्या खोलीत एक वर्ष काढणे फार कठीण असते.

चौथा : पैसा कुठून येणार? क्लासची फी, खोलीभाडे, मेस. कर्ज काढावे लागणार असेल तर त्या कर्जाचा उल्लेख वर्षभर मुलासमोर करणार नाही, असे आधी स्वतःशी ठरवा. ते जमणार नसेल तर कर्ज काढू नका.

आणि रिपीट करायचे ठरले तर किती वेळा, तेही आजच ठरवून टाका. माझ्या मते एकदा. दुसऱ्यांदा द्यायचे असेल तर कुठल्यातरी अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊन, त्याचे नियम वाचून द्यावे. घरी बसून नको.

दुसरा अर्ज तयार ठेवा

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची गोष्ट आपण शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमात सांगतो. त्यांना हवाई दलात वैमानिक व्हायचे होते. देहरादूनच्या निवडीत २५ जणांत त्यांचा नववा नंबर आला आणि जागा होत्या आठ. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असते. पण या गोष्टीतला माझ्या मते सगळ्यात उपयोगी भाग आपण सांगायला विसरतो. देहरादूनला जाण्याआधी त्यांनी दिल्लीत संरक्षण मंत्रालयाच्या तांत्रिक खात्यात दुसरी मुलाखत देऊन ठेवली होती. वैमानिकाची जागा गेली तेव्हा त्यांना वाईट वाटलेच. पण दिल्लीला परतल्यावर त्या दुसऱ्या अर्जाचे नेमणुकीचे पत्र तयार होते, पगार २५० रुपये. पुढचे सगळे आयुष्य त्या दुसऱ्या अर्जातून उभे राहिले.

मुलांना "हरू नकोस, लढत राहा" एवढेच सांगून आपण थांबतो. त्याबरोबर हेही विचारले पाहिजे की दुसरा अर्ज कुठे भरला आहेस. बारावीच्या वर्षी नीटबरोबर एमएचटी-सीईटीचा अर्ज भरलेला असला तर बी. फार्मसीचा रस्ता उघडा राहतो. बीएससी नर्सिंगसाठी राज्याची वेगळी सीईटी असते. नीटच्याच गुणांवर दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी, पशुवैद्यकीय हे अभ्यासक्रम आहेत. आणि युनानी आहे. बीयूएमएससाठी दहावीला उर्दू असलेल्या मुलांना भाषेची अट अडत नाही. आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांकडे ही एक जमेची बाजू आहे आणि ती त्यांना कोणी सांगत नाही. मालेगावात, अक्कलकुव्यात, पुण्याच्या आझम कॅम्पसमध्ये युनानी महाविद्यालये आहेत.

हे रस्ते सांगताना 'निदान' आणि 'तेवढं तरी' हे शब्द टाळा. "निदान फार्मसी तरी कर" असे ऐकून कॉलेजात गेलेला मुलगा पहिल्या दिवसापासून स्वतःला हरलेला समजतो. फार्मसीवाल्याच्या हातून गेलेल्या औषधावर सगळा मोहल्ला बरा होतो. नर्स नसेल तर दवाखाना एक रात्र चालत नाही. मुलाने ते शिक्षण मनापासून घ्यावे असे वाटत असेल, तर घरात त्याचे नाव आदराने घेतले गेले पाहिजे.

आणि मुलगी असेल तर

हा भाग लिहिण्यासाठीच मी हा विषय घेतला.

मुलाचा नंबर लागला नाही तर घर म्हणते, "आणखी एक वर्ष बघू." मुलीचा लागला नाही तर घर म्हणते, "बघितलं ना, आता पुरे." गुण तेवढेच, मेहनत कदाचित मुलीची जास्तच. कारण अभ्यासाबरोबर तिने स्वयंपाकघरही सांभाळलेले असते. तरी यादीतला एक नकार मुलाच्या बाबतीत अडथळा ठरतो आणि मुलीच्या बाबतीत शेवट ठरतो.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीचे वडील शाळेत आले होते. भले गृहस्थ, फळांचा व्यवसाय, मुलीवर जीव. म्हणाले, "टीचर, तुम्ही तिला समजवा. रडून रडून आजारी पडेल. एक चांगलं स्थळ आलंय, पण ऐकत नाही. आणखी शिकवलं तर वय निघून जाईल." मी विचारले, "तिच्या मोठ्या भावाला तुम्ही किती वेळा परीक्षेला बसवलं?" ते म्हणाले, "दोनदा." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. जाताना एवढेच विचारले, "फिजिओथेरपी म्हणजे नक्की काय असतं?" मुलगी आज तो अभ्यासक्रम करते आहे. अब्बा बिरादरीत अजून "डॉक्टरकीच्या लाईनला आहे" असे सांगतात. तिने दोन-तीनदा दुरुस्त करून पाहिले, आता सोडून दिले आहे.

सगळ्या घरांत असे होत नाही, हेही मला माहीत आहे. आई-वडिलांच्या काळज्या खोट्या नसतात. लांबचे गाव, राहण्याची सोय, फी, लोक काय म्हणतील. यातल्या पहिल्या तिन्हींवर काही उत्तरे आहेत. २०२४ पासून राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केले आहे. घरचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपेक्षा कमी असावे लागते. काही जिल्ह्यांत अल्पसंख्याक मुलींसाठी सरकारी वसतिगृहे आहेत. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शिक्षणासाठी कर्ज देते. शाळेतल्या शिक्षकांकडे आणि जिल्हा कार्यालयात चौकशी केली तर माहिती मिळते. चौथ्या काळजीवर, लोक काय म्हणतील याच्यावर, सरकारी योजना नाही. तिथे अब्बांनाच उभे राहावे लागते.

अम्मींना एक विनंती. मुलगी तुमच्याकडेच आधी येते. तिच्या शिक्षणाचा निर्णय होईपर्यंत स्थळांची बोलणी थोडी बाजूला ठेवा. निदान यादी लागली त्याच आठवड्यात नको. त्या आठवड्यात झालेले 'हो' बहुतेक वेळा तिचे नसते. थकून गेलेल्या मुलीचे असते.

मुलांशी दोन शब्द

हे मासिक घरात सगळेच वाचतात, म्हणून शेवटी तुमच्याशी बोलते.

तुम्हाला वाईट वाटते आहे ते बरोबर आहे. दोन वर्षे सकाळी उठून जे केले त्याचे फळ आले नाही, तर रडू येणारच. रडून घ्या. पण मित्रांचे स्टेटस आठ दिवस बघू नका. ज्यांचा नंबर लागला तेच स्टेटस ठेवतात, बाकीचे तुमच्यासारखेच गप्प बसलेले असतात. तुमच्या पुस्तकांची रद्दी घालू नका. आणि अम्मी-अब्बा रागावून काही बोलले असतील तर त्यांनाही एक संधी द्या. त्यांनीही ते स्वप्न तुमच्याइतकेच पाहिले होते, आणि दुःख कसे बोलावे हे त्यांना कोणी शिकवलेले नाही.

आठ दिवसांनी एक कोरा कागद घ्या. त्यावर पुढच्या फेरीची तारीख लिहा, राहिलेले दाखले लिहा, आणि भरता येतील असे दोन दुसरे अर्ज लिहा. तो कागद अब्बांना दाखवा. बोलणे जड जात असेल तर नुसता समोर ठेवा. पुष्कळ घरांत पुढचे बोलणे अशा कागदावरूनच सुरू होते. घरात बोलायला कोणी नसेल तर आपल्या जुन्या शाळेत जा. आम्ही शिक्षक मधल्या सुट्टीत चहा पीत बसलेले असतो. तुम्ही आलात तर आम्हाला बरेच वाटते, आणि नंबर लागला का, हे आम्ही आधी विचारणार नाही.